टीएसएच वाढला, तरी थायरॉइड कमी कसं? हार्मोनचा रिपोर्ट वाचायचा कसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईला काही महिन्यांपासून थकवा आहे, वजन वाढतंय, थंडी सोसवत नाही. तपासणीत टीएसएच १४ आला आणि फ्री टी-४ प्रयोगशाळेच्या मर्यादेपेक्षा थोडा खाली. डॉक्टर म्हणाले, 'थायरॉइड कमी आहे, गोळी सुरू करू.' रिपोर्टवर खूण मात्र वाढल्याची. मग कमी कसं? आणि हार्मोन नेमकं काम कसं करतात, बाकीचेही एकदा सगळे तपासून घ्यावेत का?

डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे. अंतःस्रावी ग्रंथींचे आजार हेच माझं रोजचं काम, आणि रुग्णांच्या मनातला हा सगळ्यात नेहमीचा गोंधळ आहे. म्हणून सविस्तर लिहितो. एक गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: हार्मोनचा एकटा आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही. तो हार्मोन कोणाच्या सांगण्यावरून सुटतो आणि तो कशावर लक्ष ठेवून असतो, ती दुसरी बाजू शेजारी ठेवली की मगच अर्थ लागतो.

टीएसएच हा थायरॉइडचा हार्मोन नाहीच. तो पिट्युटरीतून, म्हणजे पीयूषिका ग्रंथीतून येतो. मेंदूच्या तळाशी, कवटीच्या हाडातल्या एका खोलगट जागेत ही ग्रंथी बसलेली असते. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. तिथून सुटलेला टीएसएच रक्तावाटे मानेतल्या थायरॉइडपर्यंत पोहोचतो आणि तिच्याकडून टी-४ आणि थोडा टी-३ हे तिचे हार्मोन बनवून घेतो. पिट्युटरीच्याही वर मेंदूतला हायपोथॅलॅमस आहे. तो टीआरएच नावाचा हार्मोन खाली पाठवून पिट्युटरीला जागं ठेवतो. आता महत्त्वाचं: थायरॉइडनं बनवलेला हार्मोन रक्तातून फिरत पुन्हा पिट्युटरी आणि हायपोथॅलॅमसपर्यंत येतो. तो पुरेसा असेल तर ती दोघं हात आखडता घेतात. अपुरा असेल तर टीएसएच वाढतो.

घरातलं वडीलधारं माणूस आतल्या खोलीत हाक मारतं. ओ मिळाली की थांबतं, नाही मिळाली की आवाज चढवतं. टीएसएच म्हणजे त्या हाकेचा आवाज. तुमच्या आईच्या रिपोर्टमध्ये आवाज चढलाय, कारण आतून ओ येत नाहीये.

हा आवाज चढतो तोही सरळ हिशोबानं नाही. फ्री टी-४ निम्म्यावर आला तर टीएसएच दुप्पट होत नाही, तो शंभरेक पटींनी वाढू शकतो. पिट्युटरी इतकी संवेदनशील असल्यामुळे टी-४ मर्यादेत असतानाच टीएसएच वर सरकायला लागतो, आणि म्हणून थायरॉइडची शंका आली की पहिली तपासणी टीएसएचची करतात. टी-४ व्यवस्थित आणि टीएसएच ४ ते १० च्या दरम्यान, असा रिपोर्ट आला तर मी सहसा लगेच गोळी देत नाही. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासतो, कारण बऱ्याच जणांत तो आपोआप खाली येतो. गरोदरपण, किंवा गर्भधारणेची तयारी चालू असेल, तर मात्र हिशोब वेगळा असतो. तुमच्या आईचा टीएसएच १० च्या पुढे आहे, टी-४ खाली आहे आणि लक्षणंही जुळतात. इथे थांबण्यात अर्थ नाही.

अन्नातून पुरेसं आयोडीन मिळणाऱ्या माणसांमध्ये याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे स्वतःचीच प्रतिकारशक्ती थायरॉइडवर उलटणं. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली या आजाराचं वर्णन केलं, त्यांचंच नाव त्याला आहे. अँटी-टीपीओ नावाची प्रतिपिंडं रक्तात सापडली की कारण बहुधा हेच. उलट चित्रही असतं. ग्रेव्ह्जच्या आजारात प्रतिपिंडंच टीएसएचच्या जागी बसून थायरॉइडला काम करायला लावतात. टी-४ वाढतो, पिट्युटरी गप्प होते, टीएसएच जवळजवळ शून्यावर. तिथे रिपोर्टवर खूण 'कमी'ची आणि आजार थायरॉइड जास्त असण्याचा.

गोळी, म्हणजे बाहेरून दिलेला टी-४ च, सुरू झाल्यावर दहा दिवसांत टीएसएच परत करून घेऊ नका. टी-४ चं रक्तातलं अर्धं आयुष्य सुमारे सात दिवसांचं आहे, म्हणजे रोज गोळी घेऊनही पातळी स्थिरावायला पाच-एक आठवडे लागतात आणि पिट्युटरीला त्यावर सावरायला आणखी थोडे दिवस. सहा ते आठ आठवड्यांनी तपासायचं. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर त्या चार तासांच्या अंतरानं, कारण त्या टी-४ ला आतड्यातच बांधून ठेवतात. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेत असतील तर तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवा. रक्त तपासण्याच्या काही पद्धतींत बायोटिनमुळे टीएसएच खोटाच कमी आणि टी-४ खोटाच जास्त दिसतो. तब्येत काही असो, रिपोर्ट ग्रेव्ह्जसारखा येतो.

आणि रिपोर्टवर 'फ्री' का लिहिलेलं असतं? टी-४ च्या दर १०,००० रेणूंपैकी साधारण तीनच मोकळे फिरतात, बाकीचे रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेले असतात. पेशीत शिरतात ते मोकळे. गरोदरपणात किंवा इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांमुळे ती प्रथिनं वाढतात आणि एकूण टी-४ फुगलेला दिसतो. माणूस मात्र ठणठणीत असतो.

आता थायरॉइड कमी पडला की टीएसएच वाढतो, या नियमाला असलेला अपवाद, जो डॉक्टरांनीही विसरू नये असा आहे. पिट्युटरीलाच इजा झाली असेल, गाठ, शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा बाळंतपणातला मोठा रक्तस्राव यांमुळे, तर ती टीएसएच वाढवणार कशी? अशा रुग्णात टी-४ कमी आणि टीएसएच 'नॉर्मल' दिसतो. नुसता टीएसएच पाहून 'थायरॉइड छान आहे' म्हटलं की आजार निसटतो. त्यातही धोका पुढे आहे. पिट्युटरी बिघडलेल्या माणसात कॉर्टिसॉलही, म्हणजे मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींचा ताण झेलायला लागणारा हार्मोनही, कमी असण्याची शक्यता असते, आणि ते न तपासता थायरॉइडची गोळी दिली तर शरीर आहे तेवढा कॉर्टिसॉल आणखी वेगानं संपवतं. रुग्ण कोसळू शकतो. म्हणून आधी कॉर्टिसॉल पाहायचा, लागला तर तो आधी भरून काढायचा, मग थायरॉइड.

हे सगळं चालतं कसं, यावर थोडं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत शरीरातले निरोप नसांमधूनच, म्हणजे मज्जातंतूंमधूनच, जातात असं बहुतेक शास्त्रज्ञ धरून चालत. १९०२ मध्ये लंडनला विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी लहान आतड्याच्या एका तुकड्याच्या नसा तोडल्या आणि त्यात आम्ल सोडलं. नसा नसूनही स्वादुपिंडानं पाचकरस सोडला. मग त्यांनी आतड्याचं अस्तर आम्लात खलून त्याचा अर्क शिरेत टोचला, तरी रस आला. म्हणजे निरोप रक्तातून गेला होता. त्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटलं, आणि इथून ही शाखा सुरू झाली. निरोप रक्तातून सगळीकडे गेला आणि स्वादुपिंडानं तो ओळखला, या एका निरीक्षणात या शाखेचं सगळं मर्म आहे, असं मला आजही वाटतं.

हार्मोन रक्तातून सगळीकडे जातो, पण काम फक्त तिथेच करतो जिथल्या पेशींवर त्याचे ग्राही असतात, म्हणजे त्या हार्मोनला पकडणारी खास प्रथिनं. इन्सुलिन, ॲड्रेनलिन, टीएसएच यांसारखे हार्मोन पेशीच्या आत जात नाहीत. ते बाहेरच्या आवरणावरच्या ग्राहीला चिकटतात आणि आत रसायनांची साखळी सुरू होते. यातला एक महत्त्वाचा दुवा, सायक्लिक एएमपी, शोधल्याबद्दल अर्ल सदरलँड यांना १९७१ चं नोबेल मिळालं. या साखळीत प्रत्येक पायरीवर परिणाम गुणाकारानं वाढतो, म्हणून हार्मोन रक्तात नगण्य प्रमाणात असूनही पुरतो. दुसरा गट म्हणजे कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉनसारखे कोलेस्टेरॉलपासून बनणारे स्टेरॉइड हार्मोन. हे पेशीत शिरतात आणि ग्राहीला घेऊन थेट डीएनएवर जाऊन कोणती जनुकं चालू, कोणती बंद हे ठरवतात. थायरॉइडचे हार्मोनही बनावटीनं वेगळे असून हाच मार्ग धरतात. ॲड्रेनलिनचा परिणाम काही सेकंदांत दिसतो आणि ते मिनिटांत संपतं. थायरॉइडच्या गोळीनं बरं वाटायला आठवडे लागतात. याचं कारण या दोन मार्गांत आहे. नवी प्रथिनं बनायला वेळ लागतो.

सगळ्या ग्रंथी पिट्युटरीच्या हुकमात आहेत असं मात्र नाही. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी रक्तातली साखर स्वतःच मोजतात आणि स्वतःच ठरवतात. स्वादुपिंडात अशा पेशींची सुमारे दहा लाख बेटं विखुरलेली आहेत, तरी वजनात ती ग्रंथीच्या एक-दोन टक्केच. साखर वाढली की इन्सुलिन, घटली की शेजारच्याच पेशींमधून साखर वाढवणारा ग्लुकागॉन. इथेही जोडीचा नियम तोच. बेशुद्ध पडलेल्या माणसाची साखर ४० आहे आणि इन्सुलिन प्रयोगशाळेच्या मर्यादेत आहे, तर ते 'नॉर्मल' नाही. इतक्या कमी साखरेला इन्सुलिन जवळजवळ थांबायला हवं होतं. ते आहे, म्हणजे कुणीतरी साखरेकडे न पाहता इन्सुलिन सोडतंय, किंवा बाहेरून मिळतंय. टाइप २ मधुमेहाच्या सुरुवातीच्या काळात उलट दृश्य असतं: साखरही जास्त, इन्सुलिनही जास्त. हार्मोनची कमतरता नाही, ऐकणाऱ्या पेशी बधिर झाल्या आहेत.

या जोडीच्या नियमाचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण कॅल्शियमचं आहे. थायरॉइडच्या मागे चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, एकेक ३० ते ५० मिलिग्रॅमची. रक्तातलं कॅल्शियम जरा घसरलं की काही मिनिटांत त्या पीटीएच हा आपला हार्मोन सोडतात. पीटीएच हाडांतून कॅल्शियम काढतो, मूत्रपिंडाला ते वाचवायला लावतो आणि तिथेच व्हिटॅमिन डी सक्रिय करून आतड्याला जास्त शोषायला लावतो. कॅल्शियम जागेवर आलं की पीटीएच ओसरतो. आता एक रिपोर्ट पाहा: कॅल्शियम ११.४, म्हणजे वाढलेलं, पीटीएच ५८, आणि प्रयोगशाळेची पीटीएचची मर्यादा १५ ते ६५. पीटीएचवर खूण नाही, म्हणून तो रकाना कुणी वाचतच नाही. पण कॅल्शियम ११.४ असताना निरोगी पॅराथायरॉइड दबून जायला हव्यात. ५८ हा आकडा तिथे ठळक बिघाड आहे, बहुतेक वेळा चारांपैकी एका ग्रंथीतल्या, कर्करोगाची नसलेल्या गाठीमुळे. हाडं ठिसूळ होतात, मूत्रखडे होतात, आणि गाठ काढली की आजार संपतो. याच कॅल्शियमसोबत पीटीएच ८ आला असता तर मी पॅराथायरॉइड सोडून दुसरीकडे शोधलं असतं: व्हिटॅमिन डीचा अतिरेक, एखादा कर्करोग. एकच कॅल्शियम, दोन वेगळे आजार. फरक कळतो तो फक्त शेजारच्या आकड्यानं.

आणखी एक गोष्ट वेळेची, आणि इथे मला थोडं थांबायचं आहे. कॉर्टिसॉल पहाटेपासून चढतो, सकाळी सर्वांत जास्त असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातो. सकाळी आठला कॉर्टिसॉल ३ आला तर मी लगेच काळजी करेन. रात्री अकराला ३ आला तर तो जसा असायला हवा तसाच आहे. वेळ न लिहिलेला कॉर्टिसॉलचा रिपोर्ट माझ्या दृष्टीनं निरुपयोगी. ठेका तर याहून थक्क करणारा. हायपोथॅलॅमस जीएनआरएच हा हार्मोन दर तास-दीड तासाला एकेक झोत असा सोडतो. या झोतांवर पिट्युटरी अंडाशयांना आणि वृषणांना चालवते. १९७० च्या दशकात माकडांवरच्या प्रयोगांत दिसलं की तोच हार्मोन सतत, न थांबता दिला तर पिट्युटरी ऐकेनाशी होते आणि सगळी यंत्रणा बंद पडते. हार्मोन तोच, ठेका बदलला की परिणाम उलटा. प्रोस्टेटच्या कर्करोगात आणि फार लवकर वयात येणाऱ्या मुलांमध्ये आज याच गुणधर्मावर बेतलेली इंजेक्शनं वापरली जातात.

कॉर्टिसॉलवरून एक इशारा, जो मी प्रत्येक रुग्णाला देतो. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड तीन-चार आठवड्यांहून जास्त चाललं की पिट्युटरीला वाटतं, कॉर्टिसॉल भरपूर आहे. ती अधिवृक्क ग्रंथींना चालना देणारा एसीटीएच सोडणं थांबवते, आणि तो मिळेनासा झालेल्या अधिवृक्क ग्रंथी आक्रसतात. अशा माणसानं गोळी एकदम बंद केली आणि त्याच काळात ताप, जुलाब किंवा शस्त्रक्रिया आली, तर शरीराकडे कॉर्टिसॉल वाढवायची सोय उरलेली नसते. रक्तदाब कोसळतो, साखर उतरते, उलट्या होतात. वेळेत हायड्रोकॉर्टिसोन टोचलं नाही तर जीव जातो. घटक न सांगता विकलेल्या सांधेदुखीच्या किंवा दम्याच्या पावडरींतही स्टेरॉइड असू शकतं. काही महिने अशी पावडर घेतली असेल तर ती सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा. यातही जोडी पाहायची असते. कॉर्टिसॉल कमी आणि एसीटीएच खूप जास्त असेल तर दोष अधिवृक्क ग्रंथीत आहे. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये वर्णन केलेला आजार तो हाच. त्यात त्वचा काळवंडते. दोन्ही कमी असतील तर दोष वर आहे, किंवा बाहेरून घेतलेलं स्टेरॉइड कारणीभूत आहे.

दूध तयार करवणाऱ्या प्रोलॅक्टिनचा कारभार निराळा. पिट्युटरीतले बाकीचे हार्मोन मुख्यतः वरून चालना मिळाली की सुटतात. प्रोलॅक्टिनला मात्र हायपोथॅलॅमसमधून येणारं डोपामिन सतत दाबून ठेवतं. त्यामुळे उलटी थांबवणाऱ्या डोमपेरिडोनसारख्या किंवा मानसिक आजारांवरच्या काही औषधांनी डोपामिनचं काम अडलं की प्रोलॅक्टिन वाढतो, पाळी चुकते, स्तनांतून दूध येतं. पिट्युटरीत गाठ आहे का हे पाहायला एमआरआय करण्याआधी औषधांची यादी वाचावी.

आणि हो, प्रत्येक वेळी परतीचा निरोप थांबवणाराच असतो असंही नाही. बाळंतपणात ऑक्सिटोसिननं कळा येतात आणि कळांमुळे आणखी ऑक्सिटोसिन सुटतं, बाळ बाहेर येईपर्यंत. पाळीच्या मध्यावर इस्ट्रोजेन बराच वेळ उंच राहिलं की ते पिट्युटरीतल्या एलएच या हार्मोनला दाबायचं सोडून उसळवतं, आणि त्यातून अंडं बाहेर पडतं.

आता शेवटचा प्रश्न, सगळे हार्मोन तपासून घ्यावेत का. माझं स्पष्ट मत: नाही. प्रयोगशाळेची 'नॉर्मल' मर्यादा साधारणपणे अशी आखलेली असते की १०० निरोगी माणसांपैकी ९५ तिच्या आत बसावेत. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एका निरोगी माणसाच्या केल्या, तर निदान एक आकडा मर्यादेबाहेर येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. मग त्या एका आकड्याच्या मागे स्कॅन, औषधं आणि काळजी सुरू होते. तुमच्या आईसाठी मला बाकीचे हार्मोन नकोत. हिमोग्लोबिन हवं आणि कोलेस्टेरॉल हवं. थायरॉइड कमी असताना कोलेस्टेरॉल वाढतं. फार उंच नसेल आणि हृदयाचा आजार नसेल, तर टीएसएच जागेवर आल्यावर ते पुन्हा पाहून मगच त्यावरच्या गोळीचा विचार करता येतो. वय साठीच्या पुढे असेल किंवा हृदयाचा त्रास असेल, तर थायरॉइडची गोळीही कमी डोसपासून हळूहळू वाढवायला डॉक्टरांना सांगा.

खरोखर शंका असते तेव्हाही आम्ही नुसती पातळी मोजून थांबत नाही, ग्रंथीला कामाला लावून पाहतो. हार्मोन कमी असल्याची शंका असेल तर ग्रंथीला चालना देतो, जास्त असल्याची असेल तर दाबून पाहतो. कॉर्टिसॉल जास्त वाटत असेल तर रात्री अकराला डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅमची गोळी देऊन सकाळी रक्त घेतो. निरोगी माणसात कॉर्टिसॉल १.८ च्या खाली गेलेला असतो, कुशिंगच्या आजारात तो जात नाही. मुलाची उंची खुंटली असेल तर सहज मोजलेल्या ग्रोथ हार्मोनचा काही उपयोग नाही, कारण तो मुख्यतः झोपेत झोतांनी सुटतो आणि दिवसा बराच वेळ जवळजवळ नसतोच. म्हणून आधी आयजीएफ-१, म्हणजे ग्रोथ हार्मोनच्या सांगण्यावरून बनणारा हार्मोन, पाहतात, आणि गरज वाटली तर औषध देऊन ठरावीक वेळांनी रक्ताचे अनेक नमुने घेतात. अशा तपासण्यांना रुग्णालयात काही तास द्यावे लागतात, आणि त्यांच्यासाठी जाताना चालू औषधांची पूर्ण यादी, झोपेची वेळ आणि स्त्री असेल तर शेवटच्या पाळीची तारीख लिहून न्यावी.